लेथ पुण्यात, नळी मात्र परदेशी

भोसरीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, गोष्टी करणारा टर्नर, लेथवर धातू कातणारा कारागीर, सापडेल. पण बालेवाडीच्या रेंजवरच्या नेमबाजाने रायफलची नळी त्याच्यासमोर ठेवली, तर तो तिला हात लावणार नाही, लावूही नये. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, तर दुरुस्त करायला आणि तिच्यात बदल करायलाही परवाना लागतो. नेमबाजाचा परवाना शस्त्र बाळगण्याचा. कारागिराला त्याचा उपयोग नाही.

गंमत अशी की लेथ आणि नळी एकाच घरात वाढल्या. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने तोफेचा बोअर, म्हणजे नळीची आतली पोकळी, सरळ कापणारे यंत्र काढले आणि त्याच कसबामुळे पुढे जेम्स वॉटच्या इंजिनाला नेटके सिलिंडर मिळाले. आटे पाडणारा लेथ नावारूपाला आणणारा हेन्री मॉडस्ली पोरवयात वुलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरायचा. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांसाठी ५५ अंशांचा कोन ठरवून दिला. आपला प्लंबर पाइपावर जे आटे पाडतो, त्यांचा कोन आजही तोच.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने व्हिटवर्थकडे रायफली बनवण्याची यंत्रे मागितली. त्याने उलट अट घातली: चांगली नळी म्हणजे काय, ते आधी शोधू द्या. मँचेस्टरला घराच्या आवारात त्याने ५०० यार्डांची बंदिस्त रेंज उभारली. लष्कराच्या तेव्हाच्या एन्फिल्ड रायफलीचा बोअर ०.५७७ इंच आणि आतल्या चरांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. व्हिटवर्थने ०.४५१ इंचांचा षट्कोनी बोअर घेतला आणि पीळ २० इंचांत एक केला. लांब पल्ल्यावर एन्फिल्ड सपशेल मागे पडली. तरीही लष्कराने व्हिटवर्थची रायफल घेतली नाही. नळी लवकर काजळते आणि महाग पडते, ही कारणे. माझ्या मते नळीचे काम बंदूकवाल्याच्या अंदाजातून निघून मशिनिस्टच्या मापात आले, ते या रेंजवर.

आपल्याकडे मात्र ही सोयरीक जुळलीच नाही. १८५७ च्या धसक्यानंतरचा १८७८ चा कायदा हिंदी माणसाच्या हातात परवान्याशिवाय शस्त्र राहू देईना. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, पण तो काडतुसांचा. रायफली बंगालमधल्या इशापूरला. पुण्याचा लेथ शिकला तो इंजिने आणि गाड्यांवर.

त्यामुळे इथले नेमबाज ०.२२ इंच बोअरची रायफल बहुधा जर्मनीहून मागवतात. तिच्या नळीचा शेवटचा हात म्हणजे तोंडाची कड, क्राउन. तिथे केसाएवढा टवका उडाला तरी गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी हलते. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य जिंकणारा, तेव्हा मध्य रेल्वेच्या पुणे विभागात असलेला स्वप्नील कुसाळे ज्या ५० मीटर प्रकारात खेळतो, तिथे दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे. नळीला हात लावायची सोय नाही, म्हणून नेमबाज वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसे झाडून बघतो आणि तिला मानवणारा लॉट पेटीच्या पेटी उचलतो.