माकिवारा

जपानमधील ओकिनावा बेटाच्या कराटेत ठोशाचा सराव करण्यासाठी जमिनीत पुरलेला लवचीक लाकडी खांब. जपानी भाषेत ‘माकी’ म्हणजे गुंडाळणे आणि ‘वारा’ म्हणजे पेंढा. खांबाच्या वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळत, त्यावरून हे नाव पडले. जपानी धनुर्विद्येत अगदी जवळून बाण मारण्यासाठी बांधलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यालाही हाच शब्द आहे. उभ्या खांबाला ताची-माकिवारा आणि टांगलेल्या गोल प्रकाराला सागे-माकिवारा म्हणतात. ओकिनावाचे कराटेगुरू मोतोबू चोकी (१८७०–१९४४) माकिवाऱ्यावरील कसून केलेल्या सरावासाठी ओळखले जात. १९२२ मध्ये तोकिओला गेलेले ओकिनावाचे कराटेगुरू फुनाकोशी गिचिन यांनीही आपल्या शिकवणीत या साधनाला महत्त्वाचे स्थान दिले.

मुठीवर घट्टे पाडणे हा माकिवाऱ्याचा हेतू असल्याचा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. घट्टे आपोआप पडतात. खरे काम खांबाच्या, म्हणजे फळीच्या, लवचिकतेचे असते. ठोसा बसला की फळी मागे वाकते आणि तितक्याच जोराने परत ढकलते. मनगट, कोपर, खांदा, कंबर आणि मागची टाच एका ओळीत नसतील, तर तो धक्का नेमका ढिल्या सांध्यावर जाणवतो. भिंतीवर किंवा न वाकणाऱ्या खांबावर ठोसे मारल्याने हे शिक्षण मिळत नाही, नुसती इजा होते.

फळी साधारण २ मीटर लांब आणि ९–१० सेंमी रुंद घेतात. बुडाशी जाडी ८–१० सेंमी असते. ती रंध्याने उतरवत टोकाला १–१.५ सेंमीवर आणतात. लाकूड बिनगाठीचे आणि सरळ रेषांचे हवे. उतार मागच्या बाजूने काढावा. वाकताना ताण पुढच्या अंगावर येतो. तिथले धागे रंध्याने कापले गेले तर फळी तिथूनच चिरते. सुमारे ७५ सेंमी भाग जमिनीत जातो. ठोशाने खांब मातीच्या पृष्ठभागापाशी मागे रेटला जातो आणि त्याचे बूड पुढे उसळते. म्हणून आधाराच्या दोन दगडांपैकी वरचा दगड खांबाच्या मागे आणि खालचा दगड पुढे, म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूला, बसवतात. दोन्ही एकाच बाजूला ठेवले तर खांब काही दिवसांत हलू लागतो. टोक खांद्याच्या उंचीपर्यंत यावे. चांगल्या ठोशाला ते ५–८ सेंमी मागे जावे. त्याहून कमी वाकत असेल तर फळी आणखी तासावी.

गादीसाठी पेंढा ओला करून, ठेचून, त्याची दोरी वळतात आणि सुमारे ३० सेंमी भागावर घट्ट गुंडाळतात. हल्ली कातडे, कॅनव्हास किंवा सुती दोर वापरतात. काथ्याचा दोर कातडी ओरबाडतो, म्हणून नवशिक्यासाठी तो टाळावा.

मार तर्जनी आणि मध्यमा यांच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवरच घ्यायचा. त्यांची हाडे मनगटाशी पक्की जखडलेली असतात आणि अग्रबाहूच्या रेषेत येतात. अनामिका आणि करंगळीच्या मागची हाडे बारीक व हलती असतात. भार त्यांच्यावर गेला की ती ‘माने’शी, म्हणजे उंचवट्याच्या लगेच मागे, मोडतात.

पहिल्या आठवड्यात ठोसा मारूच नये. मूठ गादीला टेकवून पुढचा गुडघा वाकवावा, मागची टाच जमिनीला दाबावी, कंबर फिरवून फळी मागे रेटावी आणि श्वास सोडत क्षणभर धरून ठेवावी. मग १०–१५ सेंमीवरून, आणि नंतर पूर्ण अंतरावरून, प्रत्येक हाताने १०–२० हलके ठोसे, दिवसाआड. फळी परतताना मूठ मागे फेकली जाता कामा नये. कमजोर हाताने सुरुवात करावी. रोज प्रत्येक हाताने ५०–१०० ठोसे ही अनुभवी माणसाची मजल आहे आणि तिथे पोहोचायला कित्येक महिने लागतात.

ही सबुरी हाडांसाठी लागते. भारानुसार हाड आपली घडण बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. मात्र या बदलात जुने हाड आधी झिजवले जाते आणि नवे नंतर भरते; मधल्या काळात ते नाजूक असते. त्याच वेळी मारा वाढवला तर हाडाला बारीक चीर पडते.

चुका हातावर वाचता येतात. उंचवट्याची कातडी सोलली म्हणजे मूठ आपटताना घसरते आहे, काटकोनात बसत नाही. मनगटाच्या वरच्या बाजूला कळ आली तर ते खाली मुडपते आहे. कोपर दुखले तर हात शेवटी ताठ लॉक होतो आहे. बोट सरळ करताना उंचवट्यावरची कंडरा (बोट ओढणारी दोरीसारखी शीर) बाजूला सरकत असेल, तर तिला धरून ठेवणारा पडदा फाटलेला असू शकतो. अशा वेळी सराव थांबवून हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जावे. त्यावर मालिशीचे तेल चालत नाही. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांत अजून वाढकूर्चा (हाड जिथून वाढते तो मऊ भाग) असते, त्यामुळे त्यांना माकिवारा देऊ नये.

कातडी फुटली असेल तर ती भरेपर्यंत सराव बंद ठेवावा. सामायिक गादीवरच्या रक्तातून हेपटायटिस बी पसरू शकतो, म्हणून रक्त लागलेली दोरी बदलावी. पुरलेल्या लाकडाला आपल्याकडे वाळवी लवकर लागते. बुडाला आधी डांबर लावावे. पावसाळ्यानंतर गादी उतरवून पुढचे अंग तपासावे. नखाला लागेल एवढी आडवी चीर दिसली तरी फळी बदलावी.