डेक्युरिओ (रोमन नगरसभासद)

प्राचीन रोमन साम्राज्यातील नगरसभेच्या सदस्याला डेक्युरिओ म्हणत. नगरसभेचे नाव ‘कुरिया’ असल्याने उत्तरकाळात हे सभासद ‘कुरियालिस’ या नावानेही ओळखले जाऊ लागले. प्रांताधिपतीच्या हाताखालचा नोकरवर्ग अगदी तोकडा असे. त्यामुळे करवसुली, पाणीपुरवठा, सार्वजनिक इमारतींची देखभाल, उत्सवांची तजवीज ही नित्याची कामे गावोगावच्या या सभासदांकडेच असत. रोमचा कारभार समजून घ्यायचा तर सम्राटांच्या चरित्रांइतकाच यांच्या कामाचाही अभ्यास व्हायला हवा.

आजच्या नगरसेवकाप्रमाणे डेक्युरिओ मुदतीपुरता निवडून येत नसे. त्याचे पद बहुधा तहहयात असे. दर पाच वर्षांनी नगराचे मुख्य अधिकारी सभासदांची यादी तपासून तीत माजी अधिकाऱ्यांची व प्रतिष्ठितांची नावे घालत. सभासद जन्माने स्वतंत्र, साधारणपणे किमान २५ वर्षांचा व मालमत्ताधारक असावा लागे. कोमुम (आजचे कोमो) येथे ही मालमत्ता १,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) होती. वेतन नव्हते, उलट पद स्वीकारताना नगराच्या तिजोरीत रक्कम भरण्याची रीत अनेक ठिकाणी होती. सदस्यसंख्याही सर्वत्र सारखी नव्हती. इटलीतील कानुसियम येथील इ. स. २२३ च्या काशाच्या पत्र्यावर १०० सभासदांची नावे, शिवाय ३९ आश्रयदाते आणि २५ तरुण उमेदवार नोंदलेले आहेत. स्पेनमधील इर्नी या लहानशा गावात मात्र ६३ सभासद होते. इर्नीचा नगरकायदा १९८१ मध्ये सापडला. घर पाडून वर्षभरात पुन्हा बांधायचे नसेल, तर सभेच्या संमतीवाचून त्याचे छप्परही उतरवता येणार नाही, असे त्यात बजावले आहे. गावात पडीक घरे राहू नयेत, हा त्यामागचा रास्त हेतू दिसतो.

या पदाला मान किती होता, हे पाँपेईतील इसिस या ईजिप्शियन देवीच्या मंदिराच्या दारावरील शिलालेखात दिसते. भूकंपात कोसळलेले हे मंदिर पोपिदियस सेल्सिनस याने स्वखर्चाने पायापासून पुन्हा उभारले, म्हणून सभेने त्याला काहीही शुल्क न घेता सभासद करून घेतले. आणि तेव्हा त्याचे वय होते अवघे सहा वर्षे! खर्च अर्थात वडिलांचा. वडील बहुधा मुक्त केलेले गुलाम असावेत, असे अभ्यासक मानतात. तसे असल्यास कायद्याने त्यांना स्वतःला सभेत बसता येत नव्हते, आणि जे त्यांना मिळणार नव्हते ते त्यांनी मुलाच्या पदरात टाकले.

पुढे हाच मान ओझे झाला. करवसुलीत तूट आली की ती सभासदांना पदरची भरावी लागे. चौथ्या शतकात हे पद व्यवहारात वंशपरंपरागत झाले आणि त्यातून सुटका करून घेण्यासाठी अनेक जण सैन्यात, राजसेवेत किंवा चर्चमध्ये शिरू लागले. सगळेच श्रीमंत होते असेही नाही: संत ऑगस्टीनचे वडील पॅट्रिशियस हे उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथील बेताच्या ऐपतीचे सभासद होते, आणि मुलाच्या पुढील शिक्षणासाठी पैसे जमेपर्यंत त्याला वर्षभर घरी बसावे लागले. इ. स. ४३८ च्या थिओडोशियन संहितेत (रोमन कायद्यांच्या संग्रहात) केवळ या वर्गाविषयी १९२ कायदे एका प्रकरणात आहेत. पद सोडून जाण्यावरची तीच बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली जात होती हे कळते. ४५८ मध्ये सम्राट मायोरियनने सभासदांना ‘राज्याचे स्नायू’ म्हणून गौरवले आणि त्याच कायद्यात पळालेल्यांना परत आणण्याची आज्ञाही दिली. पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्यात सम्राट सहावा लिओ (राज्यकाल ८८६–९१२) याने नगरसभांविषयीचे जुने कायदे रद्द केले. तोवर त्या सभांकडे करण्याजोगे काम उरले नव्हते.