ट्यूबवर ५०, तोंडावर किती? सनस्क्रीनच्या आकड्यामागची गोष्ट

माझी ५० ग्रॅमची सनस्क्रीनची ट्यूब आठ महिने पुरली, आणि हे मी वहिनीला चक्क कौतुकाने सांगत होते, की बघ किती काटकसरीने वापरते. वहिनी ठाण्यात घोडबंदर रोडला घरी केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तिच्याकडे ग्रॅमच्या खालचंही वजन दाखवणारा छोटा काटा आहे. तिने त्यावर फॉइलचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, रोज काढतेस तेवढं काढ बघू. मी काढलं, वाटाण्याएवढं. काट्यावर आलं ०.२ ग्रॅम. ५० ग्रॅम भागिले २४० दिवस, हिशोब अगदी तोच येतो.

आता यात चुकलं काय ते कळायला ट्यूबवरचा एसपीएफ ५० हा आकडा, म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचं माप, आला कुठून ते बघावं लागतं.

१९३८ साली फ्रान्झ ग्रायटर नावाचा केमिस्ट्री शिकणारा एक ऑस्ट्रियन मुलगा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या पिझ बुइन या शिखरावर चढला आणि उन्हाने चांगलाच भाजून खाली आला. त्याने पुढे १९४६ मध्ये ग्लेचर क्रीम म्हणजे हिमनदी क्रीम बाजारात आणलं, शिखराच्या नावावरून कंपनीचं नाव पिझ बुइन. साधारण त्याच काळात अमेरिकेत बेंजामिन ग्रीन नावाचा फार्मासिस्ट सैनिकांच्या अंगाला लावायच्या लालसर, चिकट पेट्रोलियम जेलीपासून सुरुवात करून वेगळं क्रीम बनवत होता, ज्यातून कॉपरटोन आलं. पण यातलं कुठलं किती काम करतं ते सांगायला मापच नव्हतं. १९५६ मध्ये जर्मनीच्या रुडोल्फ शुल्झेने एक पद्धत सुचवली आणि ग्रायटरने ती पुढे नेऊन १९७४ च्या सुमारास सन प्रोटेक्शन फॅक्टर हे नाव रूढ केलं. १९७८ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ते उचललं. मग काय, आकडा सगळीकडे.

मोजायची पद्धत ऐकायला सोपी आहे. काही माणसांच्या पाठीवर छोटे चौकोन आखायचे, क्रीम लावायचं, दिव्याने कृत्रिम ऊन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कातडी किती उजेडाला लाल झाली ते बघायचं. क्रीमशिवाय जेवढ्या उजेडाला लाल होते त्याच्या ५० पट उजेड लागला तर एसपीएफ ५०. खरी मेख क्रीम किती लावायचं यात आहे. ठरलंय दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. जर्मनीच्या जुन्या मानकात दीड होतं, नंतर युरोपनेही २ धरलं. कारण साधं, थर पातळ असला की तो एकसारखा बसत नाही आणि एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नाही. म्हणजे हे २ मिलिग्रॅम लॅबच्या सोयीसाठी आहेत, कोणी बायकांना विचारून नाही ठरवले की बाई तू सकाळी ७:४२ ची लोकल पकडायच्या आधी किती लावतेस.

तर माझा हिशोब. चेहरा आणि मानेचा पुढचा भाग मिळून ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर १.२ ग्रॅम लागतं. मी लावत होते ०.२, म्हणजे सहावा हिस्सा. मला वाटायचं सहावा हिस्सा तर सहावा हिस्सा, ८-९ एसपीएफ तरी मिळत असेल ना. काही अभ्यासांत घसरण अशी सरळ दिसलीय खरी, पण काहींमध्ये ती फार वाईट दिसलीय आणि त्यामागचा विचार असा: पूर्ण थरातून पन्नासावा भाग ऊन आत जातं. तो थर म्हणजे एकावर एक दोन अर्धे थर समजा. प्रत्येक अर्धा थर सातवा भाग आत सोडत असला पाहिजे, कारण सात सत्ते एकोणपन्नास. म्हणजे अर्धं लावलं की २५ नाही, ७. पाव लावलं तर पावणेतीनच्या आत. आणि माझ्या वाटाण्याला या हिशोबाने जेमतेम २.

गंमत म्हणजे ग्रायटरच्या त्या १९४६ च्या क्रीमचा एसपीएफ नंतर अंदाजे २ च असल्याचं सांगतात. साडेचारशे रुपये मोजून मी रोज ऐंशी वर्षांपूर्वीचं क्रीम लावत होते!

आधी मी म्हणायचे की ३० आणि ५० मध्ये काय ठेवलंय, एक ९७ टक्के अडवतं एक ९८, नुसतं मार्केटिंग. पण आत काय जातं ते बघितलं तर ३.३ विरुद्ध २ टक्के, आणि सगळेच कमी लावतात म्हटल्यावर वरचा आकडा घेतलेला बरा असं आता वाटतं.

अजून एक खटकतं. ही लाल व्हायची परीक्षा गोऱ्या कातडीवर घेतात. आपल्याकडे लाल कोण होतं सहज? आपलं रडगाणं टॅनिंगचं आणि वांगाचं. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं, म्हणजे कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचं सांगतो, यूव्हीए म्हणजे कातडी काळवंडवणारे किरण तर गाडीच्या बंद काचेतूनही बरेच आत येतात. यूव्हीएपासून किती वाचवतं ते दाखवायला जपानने १९९६ पासून पीए आणि पुढे अधिकची (+) चिन्हं ही पद्धत काढली, चौथं अधिक २०१३ ला जोडलं. त्यात उजेड दिल्यावर कातडी किती काळवंडते ते मोजतात, त्यामुळे मला ते आपल्या जास्त कामाचं वाटतं. वांगाला तर साधा दिसणारा उजेडही भोवतो, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइडवाली रंगीत सनस्क्रीन सुचवतात.

दोन बोटांचा नियम, जो आता प्रत्येक रीलमध्ये असतो, तो २००२ चा. टेलर आणि डिफी या दोघा ब्रिटिशांनी शरीराचे अकरा भाग पाडले, डोकं-चेहरा-मान मिळून एक, आणि प्रत्येक भागाला तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब ओढलेल्या दोन रेघा. वहिनीच्या काट्यावर माझ्या दोन रेघा १.३ ग्रॅम भरल्या. तोंडाला लावल्या तर भूत! मग अर्धं लावून, पाच मिनिटं थांबून परत अर्धं, असं जमायला लागलं. तरी कापूरबावडीच्या सिग्नलला हेल्मेटखाली घाम आला की डोळ्यात जातंच, आणि घामाने पुसलं गेलं की परत लावा, नाहीतर दर दोन तासांनी लावा, हे ऑफिसात कोण करतं देव जाणे.

पण अगदीच निराश होऊ नका. ऑस्ट्रेलियात नाम्बोर नावाच्या गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १६०० वर लोकांवर मोठी चाचणी झाली. क्रीम होतं फक्त एसपीएफ १६ चं. बाटल्या परत घेऊन त्यांचं चक्क वजन करायचे, वहिनीसारखंच! ती माणसंही ठरलेल्या २ मिलिग्रॅमच्या निम्म्याहून कमीच लावत होती. तरी ज्यांना रोज लावायला सांगितलं त्यांच्यात त्वचेचा एका प्रकारचा कॅन्सर सुमारे ४० टक्के कमी निघाला.

त्याच ऑस्ट्रेलियात १९८१ पासून स्लिप, स्लॉप, स्लॅप अशी मोहीम आहे. क्रम बघा: आधी शर्ट चढवा, मग क्रीम, मग टोपी. क्रीम दुसरं. आपल्याकडे मे महिन्यात, जेव्हा १६ तारखेच्या आसपास ठाण्यात भर दुपारी सावली पायाखाली गायब होते, तेव्हा स्कूटीवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे घातलेल्या बायका दिसतात ना, ज्यांना सगळे अतिरेकी म्हणून हसतात, मीही हसायचे. मागच्या रविवारी गावदेवीला जाऊन सनकोट घेतला. चेहऱ्याचीच ट्यूब आता सव्वा महिन्यात संपते, त्यात दोन्ही हातांनाही त्याच दोन-दोन रेघा लावायला गेले तर दोन आठवड्यांच्या आत एक लागेल.