अंतराळ प्रकल्पाचं सबकॉन्ट्रॅक्ट: तुमच्या वर्कशॉपची नोंद कशी होते, कागद कोणते लागतात

विक्रोळीत गोदरेज आणि पवईत लार्सन अँड टुब्रो इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवत आले आहेत. अशा कामातलं टर्निंग, मिलिंग किंवा कोटिंग तुमच्या गाळ्यात येत असेल, तर हे वाचाच.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. इस्रो ज्याच्याखाली येते तो अवकाश विभागही त्यात आला. मोठ्या कंत्राटदाराने अशा उद्योगाला दिलेलं सबकॉन्ट्रॅक्टही यात धरलं जातं. पण तुमचा उद्यम क्रमांक (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) त्या कंत्राटदाराच्या दप्तरी नसेल, तर काम तुम्ही करूनही ते या हिशेबात येत नाही.

पात्रता अशी: १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटी. मध्यम उद्योग या २५ टक्क्यांत नाहीत. निव्वळ व्यापाऱ्यालाही हा लाभ नाही.

नोंदणी उद्यम पोर्टलवर, पूर्णपणे मोफत. आधार, पॅन आणि लागू असल्यास जीएसटी क्रमांक एवढंच लागतं; कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल मात्र हाताशी ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. नोंदणी माल पाठवण्याआधीच करा. मागाहून केली की जुन्या बिलांवर वाद होतो.

आता खरी मेख. माल स्वीकारल्यापासून पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणून डिलिव्हरी चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) गेटचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर छापा. चलनाच्या प्रतीसोबत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर (धातू ज्या ओतीतून आला तिचा क्रमांक) आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट एकाच फाइलला लावा. बार कापताना हीट नंबर उरलेल्या तुकड्यावरही पंच करा, नाहीतर तो तुकडा या कामाला चालणार नाही.

४५ दिवसांपुढे थकबाकी ठेवणाऱ्या कंपनीला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एमएसएमई-१ फॉर्म भरावा लागतो: एप्रिल-सप्टेंबरचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर-मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशिराचं कारणही त्यात लिहावं लागतं. म्हणून या तारखांच्या आधीच अकाउंट्स विभागाला थकीत बिलांची यादी ईमेलने पाठवा, नुसता फोन करू नका.

तरीही पैसे अडलेच, तर थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. सोबत उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिलं, शिक्क्याची चलनं आणि तो ईमेल जोडा. व्याज रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने लागतं. अर्जात ते स्वतंत्र मांडून मागा.