ब्रॉयलरच्या पोटातली चरबी आणि आंबवलेला चहा

पक्षी सोलताना पोट उघडलं की गिझर्डभोवती (दाणे दळणाऱ्या पोटाभोवती) आणि शेपटीच्या बाजूला पिवळी, मऊ चरबी हाताला लागते. वजनाच्या साधारण 2 ते 3 टक्के. ती कापून टाकावी लागते, म्हणजे तुमचं तेवढं खाद्य टोपलीत गेलं.

ही चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. मक्यातून मिळालेली जास्तीची ऊर्जा यकृत चरबीत बदलतं आणि ती रक्तावाटे पोटात जाऊन साठते. चहातली कॅटेचिनं (पानातली तुरट द्रव्यं) यकृतातल्या या कामाला लगाम घालतात. शिवाय आतड्यात चरबी पचवणारं लायपेज ती थोडं मंद करतात.

मग साधी चहापावडर का नको? ती तुरट लागते. पक्षी खाद्य कमी उचलतात, आणि त्यातलं टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतं, त्यामुळे वाढ खुंटते. आंबवताना सूक्ष्मजीव हे टॅनिन बऱ्याच अंशी फोडतात. (काळ्या चहालाही लोक आंबवलेला म्हणतात, पण तो पानातल्याच विकरांमुळे आणि हवेमुळे काळा होतो, तो वेगळा.) उकळून उरलेला, दूध-साखर लागलेला चोथा तर कृपा करून वापरू नका. तो फार लवकर बुरशी धरतो.

आमची आंबवलेल्या चहाची भुकटी 1 टन खाद्याला 5 किलो या प्रमाणात, तिसऱ्या आठवड्यानंतर द्या. आधी ती थोड्या भरड्यात हाताने कालवा आणि मगच मिक्सरमध्ये टाका, नाहीतर एका पोत्यात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. प्रमाण वाढवलं म्हणून फायदा वाढत नाही, उलट वजन घटतं. 10 किलोच्या वर जाऊच नका.

पोतं उघडलं की ओल्या पाचोळ्यासारखा, किंचित आंबूस वास यायला हवा. मूठभर भुकटी दाबून सोडा: गोळा झाला तर ओल लागली आहे. हिरवट-पांढरे ठिपके दिसले तर पोतं वापरू नका, आम्हाला परत करा. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावरच घाव घालतं.

आणि एक स्पष्टच सांगतो. खाद्यात ऊर्जा जास्त आणि लायसिन, मेथिओनिन ही प्रथिनं बनवणारी अमिनो आम्लं कमी असतील, तर कोणताही चहा पोट सपाट करणार नाही. आधी खाद्याचा हिशेब नीट बसवा.

आमच्या शब्दावर विसंबू नका. शेडच्या मधोमध जाळी लावा आणि एकाच बाजूला भुकटी द्या. विक्रीच्या दिवशी दोन्हीकडचे दहा-दहा पक्षी घ्या. नर-मादी सारखे असू द्या, कारण मादीत चरबी मुळातच जास्त असते. पक्ष्यांचं वजन आणि काढलेल्या चरबीचं वजन लिहून ठेवा. फरक दिसला, तरच पुढची ऑर्डर द्या.