मुखत्यारपत्र आणि कायदेशीर पालकत्व: कागद दोन, गल्लत एकच

आम्ही लॉची पोरं सुटीच्या दिवशी यावल, रावेर, चोपड्याकडच्या गावांत जातो. ज्या घरात वयाने मोठं पण स्वतःचे व्यवहार न जमणारं माणूस आहे तिथे बसतो, त्याचं कसं चाललंय ते पाहतो. मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण लॉच्या विद्यार्थ्यांना स्वयंसेवक म्हणून घेतं त्यामुळे हे जमतं. आणि घरोघरी एकच घोळ भेटतो.

मागे एका घरी पालक कोण म्हणून विचारलं तर मोठ्या भावाने पेटीतून पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्प पेपर काढला, "हे घ्या भो, पालकपत्र." उघडून पाहिलं तर जनरल मुखत्यारपत्र, खाली धाकट्याचा अंगठा. धाकटा चौतीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, दहाची आणि शंभरची नोट त्याला वेगळी ओळखता येत नाही. भावाच्या मनात काही काळं नव्हतं, रोज तोच त्याला आंघोळ घालतो, पण तो कागद टिकणारा नाही.

कारण मुखत्यारपत्र म्हणजे मी माझ्या समजुतीने माझं काम तुला सोपवलं. देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळलं पाहिजे, आणि पुढे त्याचीच समज गेली तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते अधिकार संपतात. मनात आलं तर तो रद्दही करू शकतो. म्हणून पोलिओने पाय गेलेला पण डोकं शाबूत असलेला माणूस असेल तर त्याला पालक लावायची गरजच नाही, बँकेत जायला त्रास होतो तर मुखत्यारपत्र पुरे.

पालकत्व दुसरा कोणी देतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, आईबाप किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करतात, मग पालक लागतोच का आणि कोणत्या कामापुरता लागतो ते समिती ठरवते. आईबापांना वाटतं आपण आहोतच की पालक, पण पोरगं अठराचं झालं की कायद्याने ते संपलेलं असतं, हे सांगितलं की खूप माऊल्या दचकतात. (कोमातल्या माणसासाठी हा रस्ता नाही, तिथे हायकोर्टात जावं लागतं.)

खरा फरक मला हिशेबात दिसतो. मुखत्याराला विचारणार कोण, तर देणाराच, आणि त्यालाच कळत नसेल तर कोणीच नाही. पालकाला मात्र नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची आणि देण्याची यादी द्यावी लागते, पुढे आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत म्हणजे जूनअखेर हिशेब. हेळसांड केली, छळ केला, पैसे खाल्ले तर समिती पालक काढू शकते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पालक मर्यादित केलाय, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता, ठरलेल्या निर्णयापुरता, आणि तोही त्या माणसाच्या इच्छेला धरून, त्याच्याशी बोलून.

हे "त्याच्याशी बोलून" कागदावर राहतं म्हणून आम्ही जातो. आम्हाला अधिकार काहीच नाही, फक्त विचारायचं, लिहायचं, प्राधिकरणाला कळवायचं. घरचे म्हणतात त्याला काय विचारता, आम्ही सांगतो ना, तरी आम्ही थोडा वेळ त्याच्यासोबत एकटं बसायला मागतो. काय खाल्लं, पेन्शनचं पासबुक कोणाकडे असतं, कुठे जावंसं वाटतं.

त्या धाकट्याला विचारलं तर आधी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर म्हणाला, मग बराच वेळ गप्प, मग पाय पुढे केला. चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. भाऊ दारातच उभा होता, तो म्हणाला अरे मला सांगायचं ना. त्याच आठवड्यात नवी चप्पल आली, आणि समितीकडचा पालकत्वाचा अर्ज भरायला तो आमच्या सोबत बसला.