शिंपला-चुनखडक

शंखशिंपल्यांचे तुकडे कॅल्साइटने (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाने) सांधले जाऊन तयार झालेला जीवाश्मयुक्त गाळाचा खडक. याला कोकिना असेही म्हणतात.

लाटांचा मारा जोराचा असतो तिथे चिखल आणि बारीक रेती वाहून जाते, जड शिंपा मागे उरतात. पुढे पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी या थरात झिरपते. शिंपल्यातले ॲरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचेच दुसरे खनिज) विरघळते आणि कॅल्साइटच्या रूपाने तुकड्यांच्या सांध्यांवर पुन्हा बसते. मधल्या पोकळ्या बऱ्याचशा रिकाम्याच राहतात. त्यामुळे खडक सच्छिद्र असतो, खाणीतून निघताना मऊ लागतो आणि वाळल्यावर घट्ट होतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. फ्लोरिडातला सान मार्कोसचा किल्ला (१६७२–९५) याच दगडाचा आहे. १७०२च्या वेढ्यात तोफगोळे त्याच्या भिंतींत रुतले, पण भिंती फुटल्या नाहीत.

गोव्यात असा दगड घडवून भिंती उभारल्या गेल्या नाहीत. इथले मूळ खडक फार प्राचीन, शंखशिंपल्यांचे जीव पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचे. डिचोली शैलसमूहात (इथल्या प्राचीन खडकांच्या एका गटात) चुनखडक आहे, पण त्यात शिंपले सापडायचे नाहीत. बांधकामाचा दगड म्हणजे जांभा, अर्थात चिरा. चुना मात्र लागतच होता, आणि तो खाड्यांनी पुरवला. खुबे, तिसऱ्या, कालवे यांच्या शिंपा भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्या की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटते आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून वाळूत कालवला की गिलावा तयार. भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून तो पुन्हा कॅल्साइट होतो. खडकाला ज्यासाठी हजारो वर्षे लागतात, ते सांधण्याचे काम गवंडी एका हंगामात साधतो.

या गिलाव्याची किंमत जुन्या गोव्यात समजते. बॉम जीझस बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. तेव्हापासून उघडा पडलेला चिरा दर पावसाळ्यात झिजतो आहे. जवळचे से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्याखाली आहे. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, घट्ट सिमेंटखाली ती चिऱ्यात कोंडते. म्हणून जुन्या घरांच्या डागडुजीला चुनाच वापरावा.